भुलेचा पहारा

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या नियतकालिकात पुण्याजवळ घडलेल्या एका शस्त्रकर्माचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि युरोपातील शल्यविशारदांची दृष्टी काही काळ आपल्या मुलुखाकडे वळली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या चाकरीस होता. टिपूच्या कैदेत सापडून त्याचे नाक व एक हात छाटला गेला. आणि वर्षभराहून अधिक काळ त्याच विद्रूप मुद्रेने काढल्यावर, विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने मेणाच्या पातळ पत्र्याचे माप घेऊन, कपाळावरील कातडी त्या मापाने सोडवून व ती खाली वळवून त्यास नवे नाक बसवून दिले. सांधा पक्का व्हावा म्हणून कात भिजवून लावलेल्या पट्ट्या, चार दिवसांनी त्या काढून लावलेले तुपात बुडविलेले फडके, पाच-सहा दिवस उताणे निजण्याची सक्ती, हे सारे त्या वृत्तान्तात बारकाईने नमूद आहे. मात्र भाळाची कातडी सोलली जात असता त्या माणसाने ते कसे सोसले, याविषयी त्यात अक्षरही नाही. ते त्या काळास धरूनच होते. वेदना हा शस्त्रकर्माचा अविभाज्य खर्च समजला जाई, आणि ज्या खर्चात काटकसर संभवतच नाही त्याचा हिशेब कोणी मांडून ठेवीत नाही.

म्हणून वेदना कमी करण्याचे प्रयत्नच झाले नाहीत असे नव्हे. सुश्रुताने सूत्रस्थानात सांगून ठेविले आहे की, शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास इष्ट अन्न जेवू घालावे, आणि ज्यास वेदना सोसवत नाही व मद्याची सवय आहे त्यास तीक्ष्ण मद्य पाजावे. अन्नाच्या योगाने तो मूर्च्छित होत नाही व मदाच्या योगाने त्यास शस्त्राचा बोध होत नाही. परंतु त्याच ग्रंथात अन्यत्र मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांवरील शस्त्रकर्मे रिकाम्या पोटीच करावीत असा स्पष्ट अपवाद आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘आता काही खायचे नाही’ ही परिचारिकेची ताकीद ऐकून कुरकुरणाऱ्या आजच्या रोग्यास सुश्रुताचा नियम अधिक रुचेल. त्याच्या भूलतज्ज्ञास मात्र तो अपवाद अधिक रुचेल, आणि तो का, हे पुढे येईलच.

‘भोजप्रबंधा’त एक कथा आहे. शिरोवेदनेने जर्जर झालेल्या भोजराजास दोन दिव्य वैद्यांनी मोहचूर्णाने बेशुद्ध केले, कपाळ उघडून व्याधी दूर केली, आणि संजीविनीने त्यास पुन्हा शुद्धीवर आणिले. ही कथा इतिहास म्हणून मांडण्याचा हव्यास आपल्याकडे अनेकांना होतो, आणि तो मला मान्य नाही. परंतु कथाकाराच्या एका सूज्ञतेची तारीफ केल्यावाचून राहवत नाही. मोहविणारे एक औषध आणि परत आणणारे दुसरे, अशी जोडी त्याने योजिली आहे. जपानात हानाओका सेइशू या वैद्याने १८०४ साली धोतरा व बचनागादी वनस्पतींचा काढा पाजून एका वृद्धेच्या स्तनावरील गाठ काढली, ही मात्र कथा नव्हे, नोंदलेली घटना आहे. पण त्याच्या काढ्याची गुंगी चढण्यास काही तास लागत आणि उतरण्यास त्याहूनही अधिक, आणि ती उतरविण्याचा उपाय म्हणजे वाट पाहणे. धोतऱ्याची भूल आपल्याकडेही अज्ञात नव्हती. वाटसरूंना ती देण्यात ठग वाकबगार होते, आणि आपले गिऱ्हाईक पुन्हा जागे होते की नाही याची फिकीर करण्याचे त्यांना कारण नव्हते.

युरोपात त्या सुमारास काय स्थिती होती, हे फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेच्या पत्रावरून कळते. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शल्यविशारद लारे याने तिचा स्तन छेदून काढला. तिला औषधादाखल थोडे मद्य मिळाले, आणि तोंडावर एक तलम रुमाल टाकण्यात आला; तो इतका तलम की त्यातून तिला सभोवतीची माणसे व पोलादाची चकाकी दिसत होती. बहिणीस ती हकिकत लिहून पाठविण्यास तिला नऊ महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. शस्त्राच्या वेदनेला शेवट होता, आठवणीला नव्हता. आज भूल देताना रोग्याची वेदना जितक्या काळजीने झाकली जाते तितक्याच काळजीने त्याची स्मृतीही झाकली जाते, त्यामागील गरज या एका पत्रात पुरेपूर दिसून येते.

मग १६ ऑक्टोबर १८४६ चा तो सुप्रसिद्ध दिवस उजाडला. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट या तरुणास काचेच्या गोलकातून ईथरची वाफ हुंगविली, आणि जॉन कॉलिन्स वॉरन या ज्येष्ठ शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. जॉर्जिया प्रांतात क्रॉफर्ड लाँग याने चार वर्षे आधी, १८४२ मध्ये, हेच करून ते प्रसिद्ध न करता ठेविले होते. होरेस वेल्स याने १८४५ मध्ये बॉस्टन शहरातच हास्यवायूचा प्रयोग भर सभेत करून दाखविताना फजिती ओढवून घेतली होती. आणि यश मिळताच मॉर्टनने आपल्या द्रव्यावर सरकारी हक्क नोंदविण्याची जी घाई केली तिचे वाद पुढे बरीच वर्षे धुमसत राहिले. ते सर्व बाजूस ठेवू. मला लक्षात घेण्याजोगी वाटते ती ॲबटची साक्ष. काही तरी चालले आहे हे त्यास कळत होते, मानेवर खरडल्यासारखे वाटत होते, वेदना मात्र नव्हती. म्हणजे ज्या भुलेचा उत्सव जगभर झाला ती आजच्या मापाने अर्धवटच होती.

वेदनेवर विजय मिळाल्याची ही कथा शाळकरी पुस्तकांतही आढळते. तिच्या पोटात दुसरा एक इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मनुष्यास निजविण्याची विद्या एका सकाळी हाती आली. पण निजलेल्याच्या उशाशी कोणी बसावे, त्याने कशावर नजर ठेवावी, आणि निजलेला पुरता परत येईपर्यंत त्याने तेथून उठू नये, एवढे ठरावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आज रोग्यास सर्वांगाच्या भुलेकडून जी अपेक्षा करता येते ती औषधापेक्षा या पहाऱ्यामुळे अधिक येते.

बॉस्टनची वार्ता आगबोटीने डिसेंबरात लंडनला पोहोचली आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस रॉबर्ट लिस्टन याने ईथरच्या अंमलाखाली एका नोकराचा पाय मांडीतून कापला. अर्ध्या मिनिटात पाय तोडणारा म्हणून लिस्टनची ख्याती होती. रोगी शुद्धीवर येऊन शस्त्रकर्म केव्हा सुरू होणार असे विचारू लागला म्हणून सांगतात. पुढील वर्षाच्या ४ नोव्हेंबरच्या रात्री एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने दोघा सहकाऱ्यांसह जेवणाच्या मेजाभोवती बसून क्लोरोफॉर्म हुंगले व तिघेही मेजाखाली आडवे झाले. प्रसूतीत वेदना शमविण्यास जो धार्मिक आक्षेप घेतला गेला त्याचा जोर, १८५३ च्या ७ एप्रिल रोजी जॉन स्नो याने खुद्द व्हिक्टोरिया राणीस राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मसमयी क्लोरोफॉर्म दिल्यावर, फारसा टिकला नाही. हा स्नो म्हणजे लंडनमधील पटकीचा उगम पाण्याच्या पंपाशी शोधून काढणारा तोच. भूल देणे हेच ज्याने आपले मुख्य काम मानले असा तो बहुधा पहिला विद्वान वैद्य. भुलेच्या पाच पायऱ्या त्याने १८४७ मध्येच वर्णिल्या, आणि रुमालावर अंदाजाने थेंब टाकण्याऐवजी हवेत वाफेचे प्रमाण किती हे मोजण्याचा आग्रह धरला. आपल्या रहस्यकथांतून खलपुरुष नायिकेच्या नाकावर क्लोरोफॉर्मचा रुमाल ठेवतो न ठेवतो तोच ती निश्चेष्ट होते. हे असे घडत नाही, माणसास भूल चढण्यास मिनिटे लागतात व तो झगडतो, हे स्नोने आपल्या हयातीतच लोकांना सांगितले होते. कथालेखकांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

हिंदुस्थानात या विद्येचा प्रवेश मोठ्या चमत्कारिक मुहूर्तावर झाला. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर १८४५ पासून केवळ हात फिरवून आणलेल्या संमोहनाखाली हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी काढीत होता; सरकारने समिती नेमून चौकशी केली, आणि १८४६ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास त्याच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय उघडून दिले. ईथरची वार्ता त्याच वेळी समुद्रावर होती. १८४७ च्या मार्चमध्ये ईथर व १८४८ च्या जानेवारीत क्लोरोफॉर्म कलकत्त्यास वापरले गेले, आणि तासन्तास हात फिरविण्याची ती विद्या मागे पडली. या दोहोंपैकी क्लोरोफॉर्मच या देशात का रुजले, याचे उत्तर हवामानात आहे. ईथर सुमारे पस्तीस अंश उष्णतेस उकळते. म्हणजे वैशाखातल्या नागपुरास किंवा हैदराबादेस ते रोग्याच्या नाकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उडून जावयाचे. शिवाय ते भडकन पेट घेते, आणि शस्त्रक्रिया तर दिव्याच्या ज्योतीखाली चालत. क्लोरोफॉर्म थोडके लागते, गोडसर वासाचे असते, पेटत नाही आणि खिशातल्या कुपीतून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेता येते.

एकच दोष त्यात होता: त्याने कधी कधी माणूस मरे, आणि का मरे ते कळत नसे. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ विन्लेटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी खुर्चीवर बसली, भीतीने कापत होती, क्लोरोफॉर्म हुंगले आणि दोन-तीन मिनिटांत गतप्राण झाली. मोठ्या शस्त्रकर्मात वृद्ध दगावला तर दोष शस्त्राला देता येतो. येथे नख काढावयाचे होते. या मृत्यूतून जो वाद उपजला तो पन्नास-साठ वर्षे पुरला. एडिंबरोचे लोक म्हणत, श्वासावर लक्ष ठेवा, नाडी पाहू नका. लंडनचे म्हणत, हृदय अकस्मात थांबते, म्हणून नाडीवरचे बोट काढू नका. उशाशी बसलेल्या माणसाने पहावे तरी कशाकडे, एवढाच हा प्रश्न. आणि त्याचा निवाडा करण्याचा सर्वांत मोठा उद्योग लंडनमध्ये किंवा एडिंबरोत न होता निजामाच्या राज्यात झाला, ज्या राज्यात त्या काळी आपला सारा मराठवाडा मोडत होता.

एडवर्ड लॉरी हा एडिंबरोत साइम या शल्यविशारदाच्या परंपरेत तयार झालेला, हैदराबादच्या रेसिडेन्सीचा सर्जन व तेथील वैद्यकशाळेचा प्रमुख. श्वास तेवढा पहा, हृदयाची चिंता करू नका, हा गुरूचा मंत्र त्याने इतक्या निष्ठेने जपला होता की तो सिद्ध करून दाखविल्याशिवाय त्यास चैन पडेना. १८८८ मध्ये त्याने पहिले क्लोरोफॉर्म कमिशन भरविले. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो व हृदय मागाहून, असा निर्वाळा मिळाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने त्यावर अविश्वास दर्शविला. तेव्हा लॉरीने आपल्या धन्याकडे, म्हणजे सहाव्या निजामाकडे, मीर महबूब अली खान यांच्याकडे, गाऱ्हाणे नेले. आणि निजामाने खजिन्यातून एक हजार पौंड देऊ करून ‘लॅन्सेट’लाच आपला माणूस धाडण्याचे आव्हान दिले. संस्थानिकांच्या उधळपट्टीच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. शास्त्रीय वादाचा निकाल लागावा म्हणून दरबाराने परदेशी पंच आणविल्याचा हा दाखला त्या कथांच्या शेजारी मुद्दाम मांडून ठेवण्याजोगा आहे.

‘लॅन्सेट’ने टॉमस लॉडर ब्रन्टन या नामांकित औषधशास्त्रज्ञास पाठविले, आणि तो हृदयाच्या पक्षाचा म्हणून निघालेला गृहस्थ १८८९ च्या शरदात हैदराबादेस दाखल झाला. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे व ससे मिळून सुमारे पाचशे प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख काढून त्यांची छायाचित्रे घेतली गेली, आणि अखेर ब्रन्टनने तारेने लंडनला कळविले की, धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा आहे, हृदयावर प्रत्यक्ष असा मुळीच नाही. लॉरीच्या आनंदास पारावार राहिला नाही. लंडनच्या वैद्यांनी तरीही पुरती मान तुकविली नाही, आणि त्यांचे बरोबर होते.

१९११ मध्ये गुडमन लेव्ही याने मांजरांवर दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असता शरीरात ॲड्रेनलिन उसळले तर हृदयाचे स्नायू एकाएकी विस्कळीत थरथरू लागतात आणि ते तत्काळ बंद पडते. भय वाटले की ॲड्रेनलिन उसळते. हैदराबादेत प्राण्यांना बहुतेक गाढ भूल दिली गेली होती. खुर्चीवर कापत बसलेली हॅना ग्रीनर त्या पाचशेंत कोणी नव्हती. तथापि लॉरीचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. निदान चुकले, पण शिस्त लागली. रोग्याचे कपडे सैल करणे, छातीची हालचाल उघडी दिसू देणे, आणि भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेची गंमत न पाहता फक्त श्वासाकडे पाहणे, हा शिरस्ता त्याने आपल्या शिष्यांच्या अंगी बाणविला. आपल्याकडे भूल देण्याचे काम त्या काळी, आणि पुढेही कित्येक वर्षे, जो कनिष्ठ वैद्य वा मदतनीस हाताशी असेल त्याच्या गळ्यात पडे हे लक्षात घेतले, म्हणजे या शिस्तीचे मोल कळते.

लॉरीच्या शिष्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. १८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकशाळेत ज्या पाच स्त्रियांना प्रवेश मिळाला त्यांपैकी ती एक. १८८९ मध्ये ती ‘हकीम’ ही तेथील पदवी घेऊन बाहेर पडली, हैदराबादच्या रुग्णालयांतून क्लोरोफॉर्म देत राहिली, आणि १९०९ मध्ये या विद्येस उपयोगी पडणाऱ्या शास्त्रांच्या अभ्यासासाठी एडिंबरोस गेली. भूल देणे हाच आपला व्यवसाय मानणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. कमिशनविषयी ग्रंथ लिहिले गेले. तिच्याविषयी जे उपलब्ध आहे ते काही पानांत मावते.

आता वर राखून ठेविलेली रिकाम्या पोटाची गोष्ट. बेशुद्ध माणसाचा गिळण्याचा व खोकण्याचा उपजत बंदोबस्त सुटलेला असतो. पोटात अन्न असेल तर ते उलटून श्वासनलिकेत शिरते. जंतुनाशक शस्त्रकर्माचा प्रणेता लिस्टर याने १८८३ मध्ये लिहिले की पोटात घन अन्न नसावे, मात्र दोन तास आधी पेलाभर चहा किंवा मांसाचे सार देणे हितावह. पुढे १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेलसनने ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासून ६६ वेळा पोटातील द्रव्य फुप्फुसात गेल्याचे दाखविले, आणि जठरातील आम्लाने फुप्फुसाची कशी होळी होते ते प्रयोगाने सिद्ध केले. त्या धास्तीने पुढील पिढीने ‘मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नाही’ असे फर्मान काढले, आणि दुपारी ज्यांचा क्रम लागे ते रोगी तहानेने व्याकूळ होत बसत. हल्लीचा सर्वसाधारण नियम असा की, घन अन्न सहा तास व निर्मळ पाणी दोन तास आधी बंद. म्हणजे पाण्यापुरते आपण लिस्टरच्या चहापाशी परत आलो. आपल्याकडील दुधाच्या चहाची गणना मात्र अन्नात होते, हे आजीच्या हातात पेला देणाऱ्या नातवाने ध्यानी घ्यावे.

जुन्या व नव्या भुलेच्या सीमेवर पुण्यातच एक शस्त्रक्रिया झाली. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगणारे महात्मा गांधी १९२४ च्या जानेवारीत आंत्रपुच्छाच्या दाहाने आजारी पडले, आणि १२ तारखेस त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले. कैद्याचा देह ब्रिटिश डॉक्टरच्या हवाली करावयाचा आणि तो दगावला तर देश पेटावयाचा, हे सर्वांच्या मनात होते. म्हणून व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून एक निवेदन तयार झाले: कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, उपचारांबद्दल तक्रार नाही आणि शस्त्रक्रियेस आपली संमती आहे. गांधीजींनी त्यावर सही केली तेव्हा त्यांचा हात कापत होता, आणि ते त्यांनी मॅडॉकना विनोदाने दाखविलेही. रात्री क्लोरोफॉर्मखाली शस्त्रक्रिया सुरू झाली. मध्येच वादळाने वीज गेली, हातातली विजेरीही विझली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ईथर दिलेले असते तर त्या उघड्या ज्योतीने काय केले असते याची कल्पना करवत नाही. जखम भरण्यास वेळ लागला. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. आज रुग्णालयात दाखल होताना आपण जो संमतिपत्राचा छापील कागद न वाचता सही करून परत देतो तो वाचावयाचा असतो, आणि भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन दमा, रक्तदाब, जुनी औषधे, हलणारे दात, पूर्वी भूल घेतल्यास काय झाले, असे विचारतो ते सर्व खरे सांगावयाचे असते, ही गोष्ट बिछान्यावर पडल्या पडल्या शब्द तोलून सही करणाऱ्या त्या कैद्याला शिकवावी लागली नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत रोग्याचा अनुभव मुळापासून बदलला. तोवर निजणे म्हणजे तोंडावर जाळीचा मुखवटा, त्यावर थेंब थेंब टाकलेले औषध, छाती कोंडणारा उग्र वास, कानात घणघण, आणि शुद्ध हरपण्याआधी काही काळ माणसाचे असे बेभान होणे की त्यास धरून ठेवण्यास चार माणसे तैनात ठेवावी लागत. १९३४ मध्ये अमेरिकेत वॉटर्स व लंडी यांनी थायोपेंटल हे औषध शिरेतून दिले, आणि ही सारी झटापट एका सुईवर आली. आकडे मोजावयास सांगितलेला रोगी दहापर्यंत क्वचितच पोहोचतो. आता बहुधा १९८० च्या दशकात आलेले, दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल वापरतात; ते शिरेत जाताना हात थोडा चुणचुणतो, आणि पुढची जाणीव ही थेट शस्त्रक्रिया संपल्यानंतरची असते. झोपेत काळ गेल्याचे भान राहते. भुलेत तेही राहत नाही, याचे नवल अनेक रोगी परत आल्यावर बोलून दाखवितात.

दुसरा बदल अधिक धाडसाचा होता. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रिअल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथने क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाणाचे विष, स्नायू सैल करण्यासाठी भुलेत योजिले. आता गाढ भूल न देताही पोटाचे स्नायू मऊ पडू लागले. परंतु श्वासाचे स्नायूही त्यात आले, आणि हैदराबादेत ज्या श्वासाकडे टक लावून पहावयाचे ठरले होते तो श्वास आता भूलतज्ज्ञानेच रोग्यासाठी घ्यावा लागला. शिवाय नवे भय उत्पन्न झाले. स्मिथ नावाच्या डॉक्टरने १९४७ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले की क्युरारेने देह पूर्ण लुळा पडला तरी चित्त जागेच राहते व वेदनाही कळते. म्हणजे निश्चल रोगी हा निजलेला रोगी असेलच असे नाही. ही भीती आजही अनेक रोगी दबक्या आवाजात बोलून दाखवितात. तिला हसू नये. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेमध्येच जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० भुलांमागे एक आढळली. स्नायू लुळे करणारे औषध न दिल्यास ती त्याहूनही पुष्कळ विरळ.

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो, याचे कारण श्वासनलिकेत घातलेली नळी. ग्लासगोच्या मॅकयूएनने १८७८ मध्ये ती प्रथम भुलेसाठी तोंडावाटे घातली. पण तिचा खरा प्रसार पहिल्या महायुद्धानंतर झाला, जेव्हा इंग्लंडात सिडकप येथे शल्यविशारद हॅरॉल्ड गिलीझ छिन्न चेहऱ्यांचे सैनिक घेऊन बसला आणि तेथे भूल देणाऱ्या मॅगिल व रोबोटम यांना उमगले की, ज्या तोंडावर शस्त्रक्रिया करावयाची त्यावर मुखवटा ठेवता येत नाही. खवखव एक-दोन दिवसांत जाते. मळमळ मात्र जुनी सोबतीण आहे. ईथरच्या काळी रोगी दिवसभर ओकत. आता औषधांनी ते पुष्कळ आटोक्यात आले असले तरी स्त्रियांना, धूम्रपान न करणाऱ्यांना आणि ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना ती अधिक होते, म्हणून गाडी लागते की नाही हे आधीच सांगून ठेवावे. शस्त्रक्रियागृहाच्या गारठ्यामुळे व भुलेत देहाची ऊब राखण्याची व्यवस्था मंदावल्यामुळे काहींना शुद्धीवर येताच हुडहुडी भरते; ती तापाची नव्हे, पांघरुणाने जाते.

परत येण्याच्या या घटकांचा पहारा सर्वांत उशिरा बसला, हे मला या इतिहासातील सर्वांत आश्चर्याचे प्रकरण वाटते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८६३ च्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात लिहून ठेविले होते की, लहान गावांतील रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या दालनास लागून एक खोली असते व शस्त्रकर्माचा प्रथम परिणाम ओसरेपर्यंत रोगी तेथेच राहतात. पण मोठ्या रुग्णालयांनी ते मनावर घेतले नाही. टाके पडले की रोगी स्ट्रेचरवरून लांबच्या वॉर्डात जाई, आणि जीभ मागे पडून श्वास कोंडला तर ते कोणाच्या लक्षात येईलच असे नसे. दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची टंचाई पडली तेव्हा सोयीसाठी म्हणून असे रोगी एका खोलीत गोळा करू लागले. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यूंची छाननी केली, आणि त्यांतील कित्येक केवळ कोणी जवळ असते तर टळले असते असे आढळले. तेव्हा कोठे ही खोली रुग्णालयाचे आवश्यक अंग ठरली. आपल्याकडे भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था त्याच १९४७ साली स्थापन झाली, आणि उशाशी बसणारा माणूस हा स्वतंत्र विद्येचा जाणकार आहे ही गोष्ट रुजू लागली. रक्तातील प्राणवायू बोटाला चिमटा लावून मोजण्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी याने १९७४ च्या सुमारास शोधले. तो चिमटा आज शुद्धीवर येणाऱ्याच्या बोटाला असतो, आणि त्याचा स्वर उतरू लागला की खोलीतील सर्वांच्या माना वळतात.

खोलीतून केव्हा बाहेर सोडावे हेही पूर्वी अंदाजाने ठरे. १९७० मध्ये अल्ड्रेटे याने त्यासाठी गुणांची पद्धत बसविली: हातपाय हलविणे, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग, प्रत्येकी दोन गुण, दहापैकी नऊ पडल्यावाचून वॉर्डात रवानगी नाही. (रंगाच्या जागी हल्ली त्या चिमट्याचा आकडा धरतात.) रोग्यास ही परीक्षा आठवत नाही. तो प्रश्नांना उत्तरे देतो, नाव सांगतो, कधी डॉक्टरांना आशीर्वादही देतो, आणि तासाभराने ते सारे विसरतो. आप्तांनी त्याचे नवल करू नये. सत्तरी ओलांडलेल्यांचा गोंधळ कधी कधी पुढे दोन-तीन दिवसही चालतो, रात्री वाढतो, आणि तेव्हा त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र व ओळखीचा चेहरा जवळ असण्याचा फार उपयोग होतो.

लहान शस्त्रक्रियांनंतर आता त्याच दिवशी घरी धाडतात. यासही परंपरा आहे. ग्लासगोच्या जेम्स निकोल याने १९०९ मध्येच ८,९८८ मुलांच्या अशा शस्त्रक्रियांची हकिकत सादर केली होती, आणि त्यांतील बहुतेक मुले आयांच्या कडेवर बसून घरी गेली होती. घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक जबाबदार प्रौढ माणूस असलाच पाहिजे, पहिली रात्र त्याने एकट्याने काढू नये, आणि चोवीस तास गाडी चालवू नये, विळी वा शेगडीशी जाऊ नये, मद्य घेऊ नये व कोणत्याही महत्त्वाच्या दस्तऐवजावर सही करू नये, असे त्यास लेखी बजावण्यात येते. या शेवटच्या कलमाची वार्ता आपल्याकडील वाटण्यांच्या कागदांची घाई असलेल्या काही कुटुंबांत वेळेवर पोहोचत नाही, असे वकील मंडळी सांगतात.